पलंगावरची कार्डं

फोन आला तेव्हा तो एका इमारतीच्या तळघरात पंपाशेजारी उकिडवा बसला होता. हॉस्पिटलातून मेहुणी बोलत होती. "भाऊजी, ताई गेली," एवढंच म्हणून ती रडायला लागली. तो "बरं" म्हणाला. फोन खिशात ठेवून त्याने उरलेले दोन बोल्ट आवळले, पंप चालू केला, पाणी वर चढल्याचा आवाज ऐकला आणि मग हात पुसले. इमारतीचा रखवालदार म्हणाला, "झालं का, पंपवाले?" त्याने मान हलवली. झालं होतं.

हॉस्पिटलला तिची कागदपत्रं हवी होती, म्हणून तो आधी घरी आला. पाठोपाठ मेहुणीही आली. आतल्या खोलीतल्या पलंगावर कार्डं मांडलेली होती. चार दिवसांपूर्वी ती ताप अंगावर घेऊन इथूनच उठून हॉस्पिटलात गेली होती. पत्त्यांएवढी पांढरी कार्डं, उशीपासून पायथ्यापर्यंत रांगांनी. तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपत होता, कार्डं हलायला नकोत म्हणून.

"भाऊजी, माणसं यायला लागतील आता. बसायला जागा नको? ते सगळं उचला आधी."

त्याने उचललं. सांडलेले वॉशर गोळा करावेत तसे दोन्ही तळहात खालून सारले आणि सगळी कार्डं बुटांच्या रिकाम्या खोक्यात टाकली. मिनिटभरही लागलं नाही.

ती शब्दकोशाच्या कचेरीत एकवीस वर्षं होती. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचा एकेक अर्थ एकेका कार्डावर लिहायचा, त्याला मराठीत काय काय म्हणतात ते खाली लिहायचं आणि एक वाक्य द्यायचं. मग सगळी कार्डं मांडून कुठला अर्थ आधी, कुठला मागून, हे ठरवायचं. मांडणी मनासारखी झाली की शेवटी कोपऱ्यात आकडे घालायचे. बाकीचे लोक लिहितानाच आकडे घालत. ती घालत नसे. "एकदा आकडा पडला की माणूस फेरविचार करत नाही," असं तिचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे 'रन' आला. तो हसला होता.

"एवढासा शब्द? पळणे. झालं."

"अहो, मोठे शब्द गरीब असतात. एक अर्थ सांगतात नि गप्प बसतात. छळतात ती ही चिल्लीपिल्लीच. तुमचा पंप काय करतो?"

"चालतो."

"नळ?"

"वाहतो."

"आणि तुमची ती मेहुणी दुकान काय करते?"

"बंद पाडते."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर रोज जेवताना हेच चाले. कापडाचा रंग जातो, नाटकाचे प्रयोग होतात, माणूस निवडणुकीला उभा राहतो, साखर संपते. ती विचारी, तो घास चावत उत्तर देई, कधी नुसतं "हं" म्हणे. तो बोललेलं वाक्य बरं वाटलं की ती हात धुऊन लगेच कार्डावर उतरवी.

ती गेल्यावर दोन आठवड्यांनी कचेरीतले साहेब आले. म्हातारे, सावकाश बोलणारे. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी खोकं उघडलं आणि चार-पाच कार्डं उलटसुलट करून पाहिली.

"आकडे घातले नव्हते?"

"ती शेवटी घालायची."

"म्हणजे मांडायचं राहिलं होतं."

"मांडून झालं होतं," तो म्हणाला. "मी उचललं."

साहेबांनी कार्डं हळूच परत ठेवली. "हरकत नाही. कचेरीत कुणीही लावून घेईल."

"कुणीही? हा शब्द बाईंशिवाय कुणाला द्यायचा नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "महिनाअखेरपर्यंत ठेवा," ते म्हणाले. "त्यानंतर मात्र मला छपाईला द्यावं लागेल."

रविवारी लेक आली. तो पलंगावर कार्डं मांडत होता. एकशे त्रेचाळीस होती. यंत्रांची एकीकडे, पाण्याची एकीकडे, माणसांची एकीकडे.

"बाबा, मी सांगू? पहिलं धावणं. शाळकरी पोरसुद्धा सांगेल."

"एवढं सोपं असतं तर तिने मला विचारलं असतं का?"

"विचारलं होतं?"

विचारलं होतं. ताप येण्याच्या आदल्या दिवशी, सकाळी. "पहिलं काय ठेवू हो, धावणं की चालणं?" तो कामावर निघाला होता, तोंडात शेवटचा घास होता. "काहीही ठेव," तो म्हणाला आणि पायात बूट सरकवले. ती मागून म्हणाली होती, "बरं, मग माझं मी ठरवते."

लेकीला त्याने यातलं काही सांगितलं नाही. ती एक कार्ड वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि ते त्याच्याकडे दिलं. अर्थ: अंगात ताप असणे. खाली वाक्य, थोड्या हललेल्या अक्षरात: 'तिला तीन दिवस ताप आहे, पण ती ऐकत नाही.' हे तो डॉक्टरांशी फोनवर बोलला होता. ती शेजारीच पडून होती.

"आई पण ना," लेक म्हणाली आणि तोंड धुवायला आत गेली.

त्याने ते कार्ड माणसांच्या रांगेत ठेवलं. मग उचलून यंत्रांच्या शेजारी ठेवलं. तिथेही बरोबर दिसेना.

त्याला एकच गोष्ट पक्की आठवते. उशीजवळच्या पहिल्या कार्डावर तिच्या चष्म्याचं घर ठेवलेलं होतं, वाऱ्याने उडू नये म्हणून. कार्डं गोळा करायच्या आधी त्याने ते उचलून खिशात घातलं होतं. खालच्या कार्डाकडे त्याने पाहिलं नव्हतं.

आता ते घर त्याने पुन्हा तिथेच ठेवलं आहे, नुसत्या चादरीवर. सकाळी कामावर जाण्याआधी तो थोडी कार्डं लावतो, आल्यावर त्यातली थोडी उचलतो. झोपतो अजून जमिनीवरच. महिना संपायला नऊ दिवस आहेत. आकडे घालायचे राहिलेत. पहिलं कार्डही ठेवायचं राहिलंय.