सहा मिलिमीटर

मी एक चकती बोलतेय. कागदाची, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. पण माझ्या अंगात मुरलेलं औषध साधंसुधं नाही. बाकीची औषधं हात टेकतात, तेव्हा डॉक्टर ते बाहेर काढतात. कारखान्यात मला त्यात भिजवून वाळवलं, तेव्हापासून मला त्याची थोडी घमेंडच होती.

तिथून मी विनिपेगच्या सरकारी प्रयोगशाळेत आले. औषधांना न जुमानणारे जंतू इथे तपासायला येतात. ताटलीत रुग्णाचे जंतू पसरायचे, वर मला ठेवायचं आणि रात्रभर उबेत सोडायचं. औषध लागू पडणार असेल, तर सकाळी माझ्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं.

माझ्या वाट्याला आगानेथा फ्रीझन यांचे जंतू आले. स्टाइनबाख गावाकडच्या सत्तरीच्या बाई. त्यांच्या डॉक्टरांनी फोनवर मॅरिव्हिकला, म्हणजे आमच्या तंत्रज्ञ मुलीला, सगळं सांगितलं होतं. लघवीच्या जळजळीवर बाई वर्षानुवर्षं गोळ्या घ्यायच्या. जरा बरं वाटलं की उरलेल्या पुढच्या खेपेला ठेवायच्या. आता तो संसर्ग रक्तात उतरला होता, आणि माझ्याशिवाय काही उरलं नव्हतं.

सकाळी मॅरिव्हिकनं ताटली पाहिली आणि तशीच बसून राहिली. शेजारच्या टेबलावरून जुने तंत्रज्ञ लॉर्न म्हणाले, "बघत बसलीस म्हणून वर्तुळ उगवणारेय का गं?"

"तुम्हीच बघा की."

त्यांनी पाहिलं आणि चेष्टा तिथेच थांबली. जंतू थेट माझ्या कडेला येऊन चिकटले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्तुळ मोजताना माझीही रुंदी धरतात. त्यामुळे औषधाचा काहीच उपयोग झाला नाही, तरी शून्य लिहीत नाहीत. सहा मिलिमीटर लिहितात. म्हणजे नुसती मी. तो आकडा देशाच्या नोंदीत जातो, पुढच्या डॉक्टरांना सावध करतो. आगानेथाबाईंना त्याचा काय उपयोग?

मॅरिव्हिकनं फोन लावला. "डॉक्टर, सहाच आलंय. दोन ताटल्यांत केलं, दोन्हीत तेच."

 पलीकडून डॉक्टर म्हणाले, "मग घरी सोडतो त्यांना. परसातल्या रूबार्बचे आंबट देठ काढायला आलेत म्हणतात, केक करायचाय."

आता जंतूंसकट मला वाफेच्या भट्टीत टाकतील. जाता जाता एवढंच सांगते. साध्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच घ्या, मनानं घेऊ नका. शेवटी मी आहेच, असं समजून निर्धास्त राहू नका. मी नाहीये.