हळदीच्या वाटीतली गुरुवारची गोळी

मी महाल भागातल्या इंदूबाईंचा मसाल्याचा डबा बोलतोय. म्हणजे, मसाल्याचा होतो. सध्या माझी बदली औषधखात्यात झाली आहे.

बत्तीस वर्षं माझ्या सात वाट्यांत मोहरी, जिरं, हळद आणि मंडळी सुखानं नांदली. मग इंदूबाईंचे यजमान गोपाळराव गांधीबागेतल्या दुकानात साड्या दाखवता दाखवता फिट येऊन कोसळले. मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन नीट पार पडलं. पुन्हा फिट येऊ नये म्हणून डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी दिली आणि बजावलं, एकही चुकवायची नाही.

"सात वाट्या, सात वार," इंदूबाई म्हणाल्या. मला घासूनपुसून, वाळवून त्यांनी प्रत्येक वाटीत पाकिटासकट कापलेल्या दोन गोळ्या ठेवल्या. मसाले बरण्यांत गेले. मला तर बढतीच वाटली. गोपाळरावांचं मत निराळं.

"गोळीले हिंगाचा वास येऊन राहिला वं," ते रोज कुरकुरत. हिंग माझ्यात कधी नव्हताच, पण कुरकुरायला माणसाला कारण थोडंच लागतं!

इंदूबाईंचा हात मात्र ही बदली मानेना. फोडणी तडतडली की तो सवयीनं माझंच झाकण उघडी. मग त्या जीभ चावून बरणीकडे वळत.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी गोपाळरावांनी कडक उपास धरला. ऑपरेशन पार पडलं तर गुरुवारी सूर्यास्तापर्यंत तोंडात काही घालणार नाही, असा नवस ते देव्हाऱ्यातल्या महाराजांना बोलले होते. सकाळची गोळी तशीच राहिली. मी फार घाबरलो. सात वाट्या असून तोंड एक नाही, ओरडणार कशानं?

दुपारी वांग्याच्या भाजीची फोडणी तडतडली. हात आला. हळदीच्या, म्हणजे आता गुरुवारच्या, वाटीत दोन्ही गोळ्या तशाच.

"अवो, सकाळची काहून राहिली?"

"उपास हाय न माझा."

इंदूबाईंनी गॅस बंद करून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ही आत्ता घ्या, संध्याकाळची तिच्या वेळेला. दोन एकदम नको.

"महाराजाले बोललो होतो वं," गोपाळराव पुटपुटले.

"महाराज माफ करतीन. फिट थोडीच करते? मले तुम्ही पाह्यजे." इंदूबाईंनी गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

गोपाळरावांनी गोळी गिळली. माझा जीव भांड्यात पडला.

आता गुरुवारी आधी गोळी, मग उपास. वाचकहो, तुमच्याही घरी कोणाची अशी गोळी असेल, तर नवसापायी किंवा 'आता बरं वाटतंय' म्हणून ती परस्पर बंद करू नका. आणि घरच्यांनो, अधूनमधून झाकण उघडत जा. इंदूबाई रोज संध्याकाळी त्या दिवसाची वाटी रिकामी झाली का ते बघतात, आणि मगच स्वतःच्या तोंडात घास घालतात.