ताईचा सल्ला

सफरचंदांची पिशवी घेऊन भाऊ दारात उभा राहिला, तेव्हाच ताईने ओळखलं की याचं काहीतरी अडलंय. आईच्या आजारपणात हा फिरकला नव्हता, आई गेली तेव्हाही नाही. फळं घेऊन यायला याला आत्ता सवड मिळाली होती.

"वाळलीस गं ताई," म्हणत तो खुर्चीत टेकला आणि इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आला. ताई संरक्षण खात्याच्या नकाशाघरात कामाला होती. त्याच खात्याच्या पुरवठा विभागात त्याची निवड झाली होती, पण गोपनीय कामाची परवानगी मिळाल्याशिवाय रुजू होता येत नव्हतं. त्यासाठी भलामोठा अर्ज भरायचा होता. आधी कुठे नोकरी केली, ती का सुटली, डोक्यावर देणी कसली आहेत, सगळं त्यात लिहायचं.

"त्या रोकड पेटीच्या भानगडीवरून गोदामातून मला काढून टाकलं, ते लिहू का गं? आणि ते छापखान्याचं कर्ज? तू तर या सगळ्यातून गेलीयेस."

गेली होती ना! याच्याच पायी गेली होती. छापखाना याचा आणि जामीन ताई. याने धंदा बुडवला, काखा वर केल्या आणि शहर सोडलं. मग वसुलीची माणसं ताईच्या जिन्यात ठाण मांडून बसायची आणि शेजारी आपापली दारं लावून घ्यायचे. राहतं घर विकून टाकावं लागलं. आईने भाड्याच्या खोलीत प्राण सोडला, तोही "तो आला का?" असं विचारत. ताईने सगळं गिळलं असतं, पण आईचा तो प्रश्न तिला गिळता आला नाही. तेव्हापासून तिने भावावर दात धरला होता.

उरलेल्या कर्जाचे हप्ते भरत असतानाच तिची स्वतःची या परवानगीसाठी पडताळणी झाली होती. तिने अधिकाऱ्याला काहीएक न लपवता सांगून टाकलं. तो म्हणाला होता, "कर्जाला आम्ही घाबरत नाही, बाई. लपवलेल्या कर्जाला घाबरतो. ज्याला ते ठाऊक असतं, तो माणसाला हवा तसा नाचवतो." गेलेल्या नोकरीचंही तसंच होतं. आपण होऊन सांगितलं की ऐकून घ्यायचे.

हे सगळं ताईच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात भावाने एक सफरचंद शर्टाला पुसून तिच्या हातात दिलं आणि गोड हसला. लहानपणी स्वतःचा मार तिच्यावर ढकलून असाच हसायचा मेला.

"छे, लिहू नकोस," ताई म्हणाली. "गोदामाची नोकरी स्वतःहून सोडली म्हण. आणि कर्ज तर माझ्याच गळ्यात आलंय, तुझा काय संबंध? कोण बघतंय एवढं!"

"आणि तुला येऊन विचारलं तर?"

"मी बघते ना."

भाऊ खूश होऊन गेला. ताईने सगळी सफरचंदं कचऱ्याच्या डब्यात ओतली. त्या दिवशी तिला दोन घास जास्तच गेले.

पडताळणी अधिकारी आला तो मध्यमवयीन, सावकाश बोलणारा माणूस होता. ताईने त्याला चहा दिला आणि भावाची सगळी कुंडली मांडली. छापखाना सांगितला, वसुलीची माणसं सांगितली, गोदामातल्या रोकड पेटीत हात घातला म्हणून कशी हकालपट्टी झाली तेही सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता. बोलताना तिला इतकं बरं वाटत होतं की तिचीच तिला किंचित लाज वाटली, पण किंचितच.

"यातलं त्यांनी काहीच लिहिलेलं नाही," अधिकारी म्हणाला. "वाईट वाटतं हो. जुनी गोष्ट आहे, लिहिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. आता अवघड आहे."

ताई मनातल्या मनात नाचली.

"शेवटचं विचारतो. हे लपवायला त्यांना कोणी सांगितलं होतं का?"

ताईचा हात कपावरच थांबला. 'नाही' म्हटलं की काम फत्ते. भावाने उद्या तिचं नाव घेतलं तरी त्याच्यासारख्या लबाडावर कोण विश्वास ठेवणार? तिची नोकरी राहील, आणि तो कुठेतरी बसून नशिबाला बोल लावत राहील.

नशिबाला? एवढं सगळं करून श्रेय नशिबाला द्यायचं? तो म्हणेल, बिचाऱ्या ताईने तर मदतच केली, माझेच ग्रह फिरले. आणि पुढच्या वेळी पुन्हा पिशवी घेऊन दारात उभा राहील. हे काही ताईला सोसवेना.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "खरं लिहिलं तर चालतं हे मला ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं, लिहू नकोस."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "बाई, काय बोलताय कळतंय ना? हे मला नोंदवावं लागेल. तुमचीही परवानगी जाऊ शकते, आणि तिच्याबरोबर नोकरी."

"नोंदवा," ताई म्हणाली. "फक्त त्याला बोलावून हे मोठ्याने वाचून दाखवा."