शेजार नरम करणारा लेप

"गाठ विरली हो, विरली!"

लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर एकच गिल्ला झाला. अंबिकाकाकूंच्या मानेवर सुपारीएवढी गाठ होती, तपासणीत कॅन्सरची निघालेली. सगळे रोग लेपाने घालवतो म्हणणाऱ्या लेपमहाराजांनी आठवडाभर काळा लेप थापला आणि आता गाठ कुणाच्याच बोटाला लागेना. अख्ख्या गॅलरीने काकूंची मान चाचपली. मीही चाचपली. खोटं कशाला बोलू, मलाही लागली नाही.

महाराज आधुनिक. मंत्राऐवजी मोबाईल दाखवायचे. "कॅन्सर एकटा वाढत नाही! भोवतीचं मांस कडक होतं, तेच त्याला पोसतं. परदेशात सिद्ध झालंय. मी तो शेजार नरम करतो, गाठ उपाशी मरते. बुधवारचं ऑपरेशन रद्द करा!"

सुरीला घाबरलेल्या काकूंना हेच ऐकायचं होतं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतली डॉक्टर अक्षता ड्यूटीवरून आली. तिने लेपाचा वास घेतला. "महाराज, शेजाराचं खरं बोललात." महाराज फुलले. "पण यात बिब्बा आहे ना? जरा तुमच्या मनगटावर लावा बघू."

तासभर हातवारे करणाऱ्या महाराजांचे दोन्ही हात एकाएकी पाठीमागे गेले.

अक्षताने सतरंजीवर सुपारी ठेवून वर रुमाल टाकला. "काकू, लागते?"

"लागता."

रुमालावर तिने उशी ठेवली. "आता?"

"नाय."

"मग सुपारी विरली?"

काकूंनी उशी उचलून खाली चाचपलं, तशी अक्षता म्हणाली,

"बिब्ब्याने कातडी भाजली, भोवतीचं मांस सुजलं. गाठ त्या सुजेखाली आहे. कॅन्सर भोवतीचं मांस बिघडवतो आणि त्याच्याच मदतीने पसरतो, हे खरंय. पण सूज म्हणजे नरमाई नव्हे. अशा सुजेचा त्याला फायदाच होऊ शकतो. म्हणून तर सर्जन गाठीसोबत भोवतीची कडाही काढतात."

"म्हणजे गेली नाय, लपली?" काकू मान धरून रडायला लागल्या. महाराज कधी जिना उतरले, कुणी पाहिलं नाही.

भाजलेली कातडी भरेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. ते दिवस गाठीला फुकट मिळाले, याचा मला अजून संताप येतो. अखेर ऑपरेशन झालं, भोवतीची कडा स्वच्छ, कॅन्सर नसलेली निघाली. कृपा करून याला चमत्कार म्हणू नका.

अंगावर गाठ दिसली तर शेजाऱ्यांच्या बोटांना विचारू नका. तपासून घ्या. आणि कुणी विज्ञानाचं अर्धं वाक्य ऐकवलं, तर उरलेलं अर्धं डॉक्टरकडून ऐकल्याशिवाय मान पुढे करू नका.