बाहेरचा नळ बंद झाला तेव्हा

मी पंप बोलतोय. विहिरीवरचा धिप्पाड पंप नव्हे. एका फिरत्या घरात ओट्याखाली बसवलेला, वीतभर लांबीचा. मला बोलायला फार काही लागत नाही. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि मी धुरधुरायला लागतो. नळ मिटला की गप्प. ही माझी खोड नाही, घडणच तशी आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा दोष किती, ते तुम्हीच ठरवा.

माझी मालकीण ताई. शिलाई मशिनं दुरुस्त करत गावोगाव फिरायची. जुनी मिनीबस घेऊन तिने त्यात पलंग, ओटा, मोरी असं घर थाटलं होतं. मला बसवलं तिच्या धाकट्या भावाने. तो नळकाम करायचा आणि हात त्याचा खरंच चांगला होता. पण माझ्या पायांखाली रबर घालायचा त्याने कंटाळा केला आणि सरळ फळीवर स्क्रू पिळले. मी सुरू झालो की अख्खी गाडी थरथरायची.

"अरे, पंप बसवलास की गिरणी?" ताई म्हणाली.

"असू दे गं. घरात कुणी आहे एवढं तरी कळेल," तो हसला.

प्रवासात टाकीतलं पाणी मी चढवायचो. मुक्कामाच्या तळावर मात्र प्रत्येक गाडीसाठी खांबावर नळ असायचा. ताई त्याला लांब पाइप लावायची आणि त्याचं दुसरं टोक गाडीच्या कुशीतल्या तोंडाला जोडायची. बाहेरच्या पाण्याला स्वतःचाच जोर असतो, माझं काम उरत नाही. "बाहेरचं पाणी आलं, पंपाचं बटण बंद," असं ती स्वतःलाच मोठ्याने बजावायची. मग मी झोपा काढायचो आणि नळ मुकाट वाहायचा.

एका सकाळी ताई भावजयीला घेऊन आली. त्याच भावाची बायको. भुवईवर खोल चीर, गळ्यापर्यंत ओघळलेलं रक्त, एक कान सुजून जांभळा.

"कशानं मारलं?"

"पान्यानं."

ताईने तिला पलंगावर बसवलं. "त्याचा शेंबूड मी पुसलाय गं," एवढंच म्हणाली. तळावर गाडी लावून तिने पाइप जोडला, जखम धुतली, फडकं बांधलं. "मी पोलिसांना घेऊन येते. कोणी कितीही गोड बोललं तरी कडी काढायची नाही." आणि ती धावत गेली. बजावायचं राहून गेलं. माझं बटण चालूच राहिलं.

दुपारी तो आला.

"ताई! ए ताई, झोपलीस काय?" त्याने दार ठोठावलं, काचेला नाक लावून आत पाहिलं. भावजय पलंग आणि कपाटाच्या फटीत अंग चोरून बसली होती, तोंडात पदर कोंबून. त्याला काही दिसेना. मग तो नळवाल्याच्या डोक्याने चालला. खांबावरचा नळ त्याने बंद केला आणि पायरीवर बसून राहिला.

आत फडकं भिजून रक्त डोळ्यात उतरू लागलं. बराच वेळ बाहेर चाहूल नव्हती. गेला असेल, असं तिला वाटलं. ती मोरीपाशी सरकली आणि तिने नळ धाग्याएवढा उघडला. नळीत अडकलेलं पाणी गुपचूप आलं. ओंजळभर. मग दाब उतरला.

मी धुरधुरलो.

"बोलला!" तो ओरडला. "माझ्या हातचा आहे, मला फसवील काय?"

काच फुटली. दाराची कडी एका लाथेत निघाली. त्याने केस धरून तिचं डोकं मोरीतल्या बेसिनवर आपटलं, एकदा, दोनदा. बेसिन भिंतीतून उखडलं, खालची नळी मोडली आणि मी ओढेन ते सगळं पाणी जमिनीवर सांडू लागलं. तिने त्याच्या मनगटाचा चावा घेतला. त्याने पाना तिच्या पंजावर घातला; हाड मोडल्याचा आवाज माझ्या धुरधुरीतूनही ऐकू आला. ती किंचाळत होती, "कोणीतरी या! मारतोय हा मला!"

दहा पावलांवर दुसरी गाडी होती. तिथला रेडिओ मोठा झाला. "नवराबायकोचं आहे, आपण नको मध्ये पडायला," कुणीतरी म्हणालं. पलीकडच्या गाडीची खिडकी लागली.

नळी मोडलेली, बटण चालू. मला थांबता येईना. टाकी काठोकाठ भरलेली होती. पाणी तिच्या रक्ताने लाल होऊन उंबऱ्यावरून उतरलं, पायरीवरून उतरलं आणि शेजाऱ्याने नवी अंथरलेली चटई भिजवून पुढे गेलं.

तेव्हा शेजारी आला. "काय चाललंय काय? चटईचा पार सत्यानाश केलात!" म्हणत तो मोडक्या दारातून आत शिरला आणि पान्याचा हात वर उचललेला बघून जागीच थिजला. मग त्याने मागून मिठी मारली, आणखी दोघांना हाका मारल्या. तिघांनी मिळून त्याला आडवा केला. ताई पोलिसांना घेऊन पोहोचली तेव्हा टाकी संपली होती आणि मी कोरडाच ओरडत होतो.

भावजय जगली. दोन बोटं वळत नाहीत, एका कानाने ऐकू येत नाही. "बटण मी विसरले," म्हणून ताई अजून कपाळ बडवून घेते. भावजय तिला म्हणते, "ताई, मारलं त्याने. बटणाने नाही."

जबाब घेताना पोलिसांनी तळावरच्या सगळ्यांना विचारलं, किंकाळ्या ऐकल्या का?

"नाही हो साहेब. पंपाचा आवाज फार होता."

कोरडा फिरून माझा पाणी ओढणारा रबरी पडदा फाटला. मशिनांच्या मोडक्या सुट्या भागांसोबत मी एका खोक्यात पडून आहे आणि आता नळ उघडला तरी मला बोलता येत नाही. म्हणून हे शेवटचं बोलून घेतो. माझ्या आवाजामुळे ती सापडली, हे मी नाकारत नाही. पण माझ्या आवाजाआड लपू नका. तुम्हाला गप्प राहायचं की उठायचं, हे ठरवता येतं. भिंतीपलीकडे कुणी किंचाळलं तर जाऊन दार वाजवा. मध्ये पडायची लाज वाटत असेल तर चटईवरून भांडायला आलो म्हणा.

पण पाणी तुमच्या दारात येईपर्यंत थांबू नका.