पहिलं पाणी

टबच्या दुकानात शिरल्या शिरल्या किनुयो बसायला जागा शोधू लागली. उत्तर जपानातल्या योकोतेत जानेवारीत बर्फाला खळ नसतो. सकाळी तिने छपरावरचं बर्फ ओढून काढलं, दारातलं बाजूला लोटलं, सासूबाईंना चार थर कपडे घातले, त्यांची चाकांची खुर्ची गाडीत चढवली आणि इथे उतरवली. आता दुकानभर पांढरेशुभ्र कोरडे टब मांडून ठेवलेले, पण टेकायला साधं स्टूल नव्हतं. नवऱ्याचा, यासुनोरीचा, खांदा बर्फ काढायच्या वेळी हटकून धरतो. टबात पाय पसरून बघताना मात्र तो खांदा ठणठणीत होता.

"हा बघ, हा! पाय पुरतात माझे," तो एका लांबलचक टबात आडवा होऊन म्हणाला.

"पाय लांब करायचे तर नदीवर जा," मांडीवर काठी घेऊन खुर्चीत बसलेल्या सासूबाई, तोमिए, म्हणाल्या. त्या अठ्ठ्याऐंशीच्या, पण जिभेचं वय वाढलेलं नव्हतं.

टब यासुनोरीच्या पायांसाठी घ्यायचाच नव्हता. घरचं न्हाणीघर मागच्या अंगाला, फरशीचं आणि बाहेरच्याइतकंच गार. जुन्या टबची कड गुडघ्याच्याही वर. टबाबाहेर अंग धुऊन झालं की सासूबाईंना त्या कडेवरून उचलून कढत पाण्यात बसवायचं आणि उचलून बाहेर काढायचं, हे किनुयोचं काम. गारठ्यातून एकदम कढत पाण्यात गेलं की म्हाताऱ्या माणसांची शुद्ध हरपते. दर हिवाळ्यात गावातलं कोणीतरी असं जातं. म्हणून त्या आत असल्या की किनुयो दाराबाहेर बसून सारखी विचारायची, "आई, आहात ना?" आतून ठरलेलं उत्तर यायचं, "आहे, आहे. इतक्यात कुठली जातेय!"

डिसेंबरात एकदा उत्तर आलं नाही. किनुयो आत धावली तर तोमिएंची मान कलंडलेली, हनुवटी पाण्यात. तिने एकटीने त्यांना ओढून बाहेर काढलं. सासूबाई वाचल्या, किनुयोची कंबर मात्र त्या दिवशी गेली ती गेलीच. डॉक्टरांनी सांगितलं, आता आंघोळ वृद्धांच्या केंद्रात घाला, गाडी घरापर्यंत येते.

"परक्या बायकांच्या हातून मुळ्यासारखी घासून घ्यायला मी जाणार नाही," तोमिएंनी ठणकावलं होतं. "त्यापेक्षा घाण राहीन."

यासुनोरी म्हणाला होता, "आपण नवा टब बसवू. किनुयो करते ना." हे 'किनुयो करते ना' त्या घरात मिठासारखं होतं, सगळ्यात घालायचं. किनुयोला कोणी विचारलं नाही आणि तिनेही तोंड उघडलं नाही. तिला नको म्हणायचं होतं. खरंच नको होतं. टब आला की सासूबाईंना उचलणं पुढची कित्येक वर्षं आपल्याच कमरेवर येणार, हे तिला लख्ख दिसत होतं. पण असली वाक्यं घशापर्यंत येतात आणि गिळली जातात, याची तिला सवय होती.

दुकानातली कुदो नावाची मुलगी त्यांना घेऊन कोपऱ्यातल्या टबपाशी गेली. "हा आजींसाठी अगदी योग्य. कड बुटकी, धरायला दांडी, आत बसायला पायरी. आणि रुंदही आहे, म्हणजे सांभाळणाऱ्या बाईंनाही आत उभं राहता येतं."

"वा! हाच घेऊ," यासुनोरी म्हणाला. "किनुयो आत उभी राहील."

किनुयोने त्या टबकडे बघितलं. उद्यापासून आपली उभं राहायची जागा ही, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिला रडायलाही कंटाळा आला.

"आणि बाई, तुम्हाला कुठला आवडला?" कुदोने विचारलं.

किनुयो गोंधळली. तिने समोरच दिसलेल्या टबकडे बोट दाखवलं. छोटासा, गोलसर, खोल, एका माणसापुरता. "बसून बघा ना," म्हणत मुलीने आत टॉवेल अंथरला. बूट काढून किनुयो आत उतरली, गुडघे जवळ घेतले आणि कडेवर मान टेकली. पाठीला टब बरोबर बसला. नुसतं क्षणभर, म्हणून तिने डोळे मिटले.

तिला जाग आली ती स्वतःच्याच घोरण्याने. डोळे उघडायचं जिवावर आलं होतं.

"अगं आई, लोक बघतायत! उठव ना तिला," यासुनोरी कुजबुजत होता.

"हात लावलास तर बघ," तोमिएंचा आवाज आला, आणि पाठोपाठ नडगीवर काठी बसल्याचा आणि यासुनोरीच्या 'आई गं'चा. "पोरी, हाच टब लिहून घे."

"आजी, यात तुम्हाला उतरता यायचं नाही," कुदो हळूच म्हणाली. "कड उंच आहे."

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत."

"मग तुझी आंघोळ?" यासुनोरीने विचारलं.

"केंद्रात."

"तू तर म्हणालीस..."

"म्हणाले असेन. घासतील मुळ्यासारखी. मुळ्याला काय विचारायचं असतं?" एवढं बोलताना त्यांचा आवाज कापला. किनुयोने तो स्पष्ट ऐकला. त्या घरात आल्यापासून तिने तो आवाज कापताना कधी ऐकला नव्हता.

आता डोळे उघडले तर काय म्हणावं लागेल हे तिला पाठ होतं. छे छे आई, असं कसं, मी आहे ना. पापणी हलली की हे शब्द आपोआप बाहेर पडणार होते. म्हणून तिने डोळे उघडले नाहीत. कुदोचं पेन चालायचं थांबेपर्यंत ती तशीच, झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहिली, आणि लाजेने तिचे कान तापले.

टब बसवला गेला त्याच दिवशी केंद्राची गाडी आली. तोमिए निमूट चढल्या. दुपारी परतल्या तेव्हा केस चापूनचोपून विंचरलेले, अंगाला परक्या साबणाचा वास. त्यांनी जेवण बाजूला सारलं, आवडीचं धुरावलेल्या मुळ्याचं लोणचंही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. किनुयो भांडी घासत होती, आणि प्रत्येक भांड्याबरोबर तिला वाटत होतं, जाऊन सांगावं, टब बदलू. ती दोनदा दारापर्यंत गेली आणि दोनदा परत आली.

संध्याकाळी तिने टब भरला. खांद्यावर टॉवेल टाकून यासुनोरी सवयीप्रमाणे निघाला. टबच्या त्याच एका पाण्यात, सासरे होते तोवर आधी ते, मग नवरा, मग सासूबाई आणि शेवटी किनुयो, हा त्या घरचा क्रम. ती शिरायची तेव्हा पाणी कोमट झालेलं असायचं, वर एखादा केस तरंगत असायचा, आणि नंतर टब घासायचा तोही तिनेच.

"यासुनोरी, बस खाली," आतून तोमिए म्हणाल्या. "आज ती आधी."

किनुयो अंग धुऊन टबात उतरली. पाणी तळापर्यंत नितळ होतं, कोणीही न शिरलेलं. आणि ते अंगाला टोचलं. सगळीकडून, बारीक सुयांसारखं.

बाहेर काठीचा आवाज आला. कुणीतरी स्टुलावर कण्हत टेकलं.

"कसंय पाणी?" तोमिएंनी विचारलं.

"टोचतंय, आई."

"टोचणारच. पहिलं पाणी टोचतं. माणूस शिरला की मऊ होतं. म्हणून तर आधी बाप्यांना ढकलायचं. तुला काय वाटलं, मान देतो त्यांना?"

किनुयोला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने तोंडावर ओला टॉवेल धरला. मग विचारलं, "केंद्रात... कसं होतं?"

बाहेर स्टूल करकरलं.

"वाईट होतं," तोमिए म्हणाल्या. "पुन्हा गुरुवारी आहे."

आई, नका जाऊ, हे शब्द किनुयोच्या घशापर्यंत आले. या वेळीही तिने ते गिळले. पाणी हळूहळू मऊ होत होतं, कंबर सुटत होती. तिने कडेवर मान टेकली आणि डोळे मिटले.

"किनुयो," बाहेरून हाक आली. "आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा. "किनुयो, आहेस ना?"

"आहे, आई. आहे."