मूळ पदवीचा सत्कार

माझी भाची करुणा हिने श्रीलंकेतील विद्यापीठातून पाली भाषेची एम. ए. पदवी संपादन केली, ही गोष्ट हर्सूलकडच्या आमच्या वस्तीत सर्वांना ठाऊक होती. परंतु त्या पदवीला आपल्या देशात अद्याप कोणी पदवी मानीत नव्हते, ही गोष्ट केवळ आम्हा तिघांनाच ठाऊक होती. तिघे म्हणजे स्वतः करुणा, तिची आई मालनबाई, जी माझी थोरली बहीण, आणि मी, कचरू. मी मालवाहू रिक्षा चालवतो. आक्का मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते.

जर्मनीतील एका विद्यापीठाने करुणेला संशोधनासाठी जागा दिली होती. जाण्याराहण्याचा सर्व भार शासनाची शिष्यवृत्ती उचलणार होती. तथापि अट अशी, की श्रीलंकेची पदवी आपल्या देशातील पदवीच्या बरोबरीची आहे, असे मान्यतेचे प्रमाणपत्र आधी सादर करावे. आणि ते प्रमाणपत्र हवे असेल तर मूळ पदवी दाखवावी, जिच्या पाठीमागे श्रीलंका सरकारचा शिक्का असेल. तो शिक्का करुणेने तिकडून निघण्यापूर्वी मोठ्या चिकाटीने मिळवला होता. पदवीची पुढची बाजू आम्ही कौतुकाने पाहत असू. ती मात्र कागद उलटा करून तो जांभळा शिक्का पाहत असे.

अशा समयी बुद्धभूषण आमच्या दारी अवतरला. हा गृहस्थ आमच्याच समाजातील, आमच्याच गल्लीत वाढलेला. पालिकेच्या निवडणुकीस उभे राहण्याची त्याची तयारी चालली होती, त्यामुळे वस्तीत बारसे असो वा मयत, तो सर्वांच्या आधी पोहोचत असे. करुणा त्या वेळी शिकवणीला गेली होती.

"जय भीम, मावशी! पोरगी जर्मनीला चालली आन तुम्ही गप बसल्या व्हय? सत्कार झालाच पाहिजे. ती पदवी द्या जरा, झेरॉक्स काढून आणतो. मोठ्ठी करून ब्यानरवर टाकू."

"तिला इचारून देते, भाऊ."

"मावशी, मी काय परका हाय? ह्याच अंगणात गोट्या खेळलो मी."

आक्काने पदवी दिली. आपल्या माणसाला नाही म्हणावे, हे तिला जन्मात जमलेले नाही. रात्री करुणा संतापली, तेव्हा बुद्धभूषणने दूरध्वनीवर हसत सांगितले, "ताई, पदवी एकदम सेफ हाय. रविवारी तुमच्या हातातच देतो."

त्याने शब्द पाळला. रविवारी विहारासमोरच्या मांडवात, भाषणे संपल्यावर, दोन कार्यकर्ते रेशमी कापडाने झाकलेली एक चौकट घेऊन मंचावर आले. कापड दूर झाले. सोनेरी पट्टीच्या त्या चौकटीत करुणेची पदवी होती. तिच्यावर प्लॅस्टिकचे चकचकीत आवरण होते आणि ती जाड फळीवर पक्की चिकटवलेली होती. खाली सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, 'सौजन्य : बुद्धभूषणभाऊ मित्रमंडळ', आणि बाजूला हात जोडलेली त्याची छबी.

लोक टाळ्या वाजवीत होते. करुणेने चौकट हातात घेतली, उलटी केली, फळीवरून बोटे फिरवली.

"भाऊ, ही झेरॉक्स हाय ना?" तिने हळूच विचारले.

"झेरॉक्स?" बुद्धभूषण ध्वनिक्षेपकातच गरजला. "ओरिजनल हाय, ताई! आपल्या पोरीच्या कर्तृत्वाला आपण झेरॉक्सवर नाय भागवत!"

मांडव हास्याने व टाळ्यांनी दुमदुमला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. टाळीसाठी उचललेले हात मी खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती चौकट रिक्षात घालून आम्ही शहागंजला अझहर फ्रेमवाल्याकडे गेलो, कारण काम त्याच्याच दुकानात झाले होते. चौकट पाहताच त्याने कपाळावर हात मारला.

"मैं बोला था मामू, ओरिजनल कू गरम मशीन में नक्को डालो. तो भाऊ बोले, मेरेकू सिखाता क्या?"

"निघेल का?" करुणेने विचारले.

"पिलास्टिक खींचा तो छपाई संग आती, बाजी. और पीछे का कागद तो लकडी हो गया." त्याने चौकट आदराने परत केली. "मेरेसे नै होता ये गुनाह."

तेथून आम्ही पदवीला मान्यता देणाऱ्या कचेरीत गेलो. आयुष्यभर रिक्षात मी फ्रीज, कपाटे, शेळ्यादेखील वाहिल्या. परंतु एवढे जड ओझे मी कधी वाहिले नव्हते. कक्षातील अधिकारी बाईंनी चौकट टेबलावर आडवी ठेवली आणि त्या बुद्धभूषणच्या छबीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे कोण?"

"आमच्या वस्तीतले," करुणा म्हणाली.

"यांनी केलं? मग यांचंच प्रतिज्ञापत्र आणा. पदवी माझ्या ताब्यात होती, मी लॅमिनेशन करून चिकटवली, असं स्पष्ट लिहून. ते मिळालं की आम्ही श्रीलंकेच्या विद्यापीठाला परस्पर विचारून खात्री करून घेऊ. नाहीतर छेडछाड केलेला दस्तऐवज म्हणून शुक्रवारी फाइल बंद होईल."

म्हणजे करुणेची जर्मनी एका माणसाच्या एका सहीवर येऊन थांबली. आणि ती सही खरे सांगण्याची होती, खोटे नव्हे. मला वाटले, काम झाले.

बुद्धभूषण आपल्या संपर्क कार्यालयात चहा पीत बसला होता. करुणेने सर्व सांगितले. त्याने पेला खाली ठेवला.

"ताई, निवडणूक तोंडावर हाय. मी असं लिहून दिलं की मी एका पोरीची पदवी खराब केली, तर समोरचे लोक ते छापून घरोघर वाटतील."

"पण तुम्हीच केली ना, भाऊ?"

"प्रेमानं केली! आता प्रेमाचं बी प्रतिज्ञापत्र द्यायचं?" तो सोबत्यांकडे पाहून हसला, व तेही हसले. मग आवाज मऊ करून म्हणाला, "सोपं सांगतो. मावशीच्या हातून झालं म्हणून लिहा. अडाणी बाई, तिला कागदातलं काय कळतं? सरकार पण माफ करतं. वकील माझा, खर्च माझा."

मी उभा राहिलो. माझ्या तोंडात शिव्या होत्या, परंतु त्यांतील एकही मला पुरेशी वाटेना. मी एवढेच म्हणालो, "बुद्धभूषण, तुझ्या आईला सांगितलं असतं का तू असं?"

"मामा, आई वारली माझी," तो म्हणाला, आणि पुन्हा पेला उचलला.

करुणेने त्याच्या वकिलाचे साहाय्य नाकारले. परंतु घरी आल्यावर आक्का म्हणाली, "माझं नाव टाक. दिली तर मीच ना?"

"आई, ते खोटं हाय."

"खोटं असू दे. तू हितं राहिलीस तर त्याचं काय बिघडतंय? बिघडंल ते तुझं."

करुणा पुष्कळ रडली, भांडली. परंतु शुक्रवार जवळ येत होता, आणि दुसरा मार्ग कोणालाच सुचत नव्हता. गुरुवारी आम्ही न्यायालयाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टंकलेखकाकडे गेलो. मी म्हणालो, आक्काऐवजी माझे नाव घाला. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"तुम्हाला वाचता येतं?"

"येतं की."

"मग नाही चालायचं. वाचता येणाऱ्याने केलं तर छेडछाड. न येणाऱ्याने केलं तर अज्ञान." एवढे बोलून तो टंकू लागला. 'मी अशिक्षित असून मला कागदपत्रांचे महत्त्व कळत नाही. माझ्या अज्ञानामुळे मी माझ्या मुलीची पदवी खराब केली.' हे त्याने मोठ्याने वाचून दाखवले. आक्का ऐकत होती. शेजारी शिक्के विकणाराही ऐकत होता.

"सही कुठं करू?" आक्काने विचारले.

तिला सही येते. करुणा सहावीत असताना तिने आईला पाटीवर नाव गिरवायला शिकवले होते. वसतिगृहाच्या पगारपत्रकावर आक्का दरमहा सही करते, आणि ते करताना तिची मान ताठ असते.

"सही?" टंकलेखक दचकला. "मावशी, वर अशिक्षित लिहिलंय. सही केली तर नोटरीसाहेब म्हणेल, बाई शिकलेली दिसते. अंगठा लावा."

"मला येती की पण."

"येऊ द्या. आज अंगठा."

आक्काने हातातली लेखणी बाजूला ठेवली. त्याने शाईची डबी पुढे सरकवली. करुणा उठून रस्त्याच्या कडेला गेली आणि पाठमोरी उभी राहिली. आक्काने अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला, थोडा अधिकच जोर लावून, आणि मग लुगड्याच्या पदराला न पुसता तो तसाच उचलून धरला, जणू तो तिच्या हाताचा नव्हता. मी अनेक घाणी पाहिल्या आहेत. नाल्यात अडकलेली रिक्षा मी खांद्याने बाहेर काढली आहे. त्या कागदाइतकी घाण मी पाहिलेली नाही.

शुक्रवारी अधिकारी बाईंनी तो कागद वाचला, चौकटीतल्या छबीकडे एकदा पाहिले, आणि कोणीतरी लिहून दिले एवढ्यावर फाइल पुढे सरकवली. मान्यता मिळाली. श्रीलंकेच्या विद्यापीठाने होकार कळवला, प्रमाणपत्र टपालाने घरी आले, शिष्यवृत्तीही मंजूर झाली. प्रमाणपत्रासोबतच्या पत्रात एक ओळ होती : 'अर्जदाराच्या मातेच्या अज्ञानामुळे मूळ दस्तऐवज बाधित झाल्याची नोंद घेण्यात आली आहे.' ती ओळ आता सरकारदरबारी कायमची राहील. करुणेने ती आईला वाचून दाखवली नाही. परंतु आक्काने स्वतःच पत्र हाती घेतले, अक्षराला अक्षर जोडीत 'मातेच्या' या शब्दापर्यंत आली, आणि थांबली.

"पुढं काय हाय?"

"पुढं माझं नाव हाय," करुणा म्हणाली.

बातमी गल्लीत पसरताच सायंकाळी बुद्धभूषण पाच-सहा माणसे, पेढ्यांचा पुडा आणि छायाचित्रकार घेऊन आला. त्याने दारात चपला काढल्या.

"मावशी, झालं की नाय काम? मी म्हणलो होतो!"

आक्का उंबऱ्यात आली.

"भाऊ, पायताण घाला. आत यायचं नाय."

"का ओ मावशी?"

"मी अडाणी बाई. माझ्या हातून वस्तू खराब व्हत्यात. तुम्ही चांगले कपडे घालून आलाय, तुमचं काही खराब झालं तर कुठं लिहून देऊ?"

सोबतचा एकजण हसला. बुद्धभूषणही हसला, कारण त्याला ती थट्टाच वाटली, आणि त्याने एक पाऊल पुढे टाकले. आक्काने दार लावले व आतून कडी घातली.

आम्ही तिघे आत उभे होतो. बाहेरून त्याचा आवाज आला, "राहू दे, मावशीला भरून आलंय. इथंच घे. दार दिसू दे मागं, घराचा नंबर पण दिसू दे." कॅमेऱ्याचा लखलखाट दाराच्या फटीतून दोनदा आत आला. नंतर पेढ्यांचा पुडा फोडल्याचा आवाज, आणि कोणीतरी तोंड भरलेले असताना म्हणालेले "भाऊंचा विजय असो".

आक्का मोरीत गेली आणि हात धुऊ लागली. ते तिने बराच वेळ धुतले.